दादा, येतो, बरं का

दादाची आणि त्या स्पीकरची पहिली गाठ पडली ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये.

दादा लिफ्टचा मेकॅनिक. घरात थोरला म्हणून आई त्याला दादा म्हणायची, आणि आईचं ऐकून एक बायको सोडली तर सगळं जगच त्याला दादा म्हणायला लागलं. कंपनीतली माणसं, इमारतींचे वॉचमन, अगदी त्याच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. जवळजवळ चाळीस वर्षं लिफ्टच्या दोरांशी आणि मोटारींशी संसार केलेला माणूस. बाकीचे मीटर लावून बिघाड शोधायचे, दादा मशीन रूमच्या दारात उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "डावीकडचं बेअरिंग कोरडं पडलंय." खोलून बघावं तर तेच निघायचं.

त्या दिवशी दुकानांच्या एका इमारतीतून फोन आला. लिफ्ट अधांतरी अडकली होती, आत एक माणूस आणि दोन खोकी. दादाने वर जाऊन ब्रेक हाताने सोडला, लिफ्ट हळूहळू चौथ्या मजल्याला आणली आणि दार ओढलं. आतला माणूस घामाने निथळत होता, पण दोन्ही हात खोक्यांना कवटाळून.

"आधी ही घ्या," तो म्हणाला, "मी माझा बाहेर येतो."

"काय आहे यात? बाळं?"

"बाळंच समजा."

चौथ्या मजल्यावर त्याचं स्पीकरचं दुकान होतं. पाणी पिऊन होईपर्यंत त्याने दोनदा सांगितलं, की तानसेन होणं काही सगळ्यांच्या नशिबात नसतं, पण कानसेन तरी प्रत्येकाने व्हावं. दादाने मनात त्याचं नाव तेच ठेवून टाकलं, कानसेन. उपकाराची फेड म्हणून कानसेनने त्याला आतल्या खोलीत नेऊन एका खुर्चीवर बसवलं. समोर दोन बारक्या स्टँडवर दोन लाकडी पेट्या. पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढ्याच.

"एवढ्याशा?" दादा म्हणाला.

"मूर्ती लहान, पण कीर्ती महान. डोळे मिटा."

एक बाई गायला लागली. दादाला आधी ऐकू आला तो तिचा श्वास. ओळ सुरू करण्याआधी तिने घेतलेला छोटासा, घाईचा श्वास. मग आवाज. आणि तो पेट्यांमधून येतच नव्हता. दोन पेट्यांच्या मधे जी रिकामी भिंत होती तिथे ती बाई उभी होती, तिच्या मागे डाव्या हाताला कुणीतरी जाड तारेचं वाद्य छेडत होतं, आणि तार थांबल्यावर ती हाताने दाबल्याचा मऊ आवाजसुद्धा येत होता. दादाने डोळे उघडले. भिंत होती, भिंतीवर एक कॅलेंडर होतं. पुन्हा मिटले. बाई होती.

आयुष्यभर यंत्रांच्या पोटातलं ऐकणाऱ्या माणसाला माणसांच्या पोटातलं इतकं स्वच्छ कधी ऐकू आलं नव्हतं. तो उठला तेव्हा त्याच्या चहावर साय धरली होती.

त्यानंतर आठ महिने त्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल जरा जास्तच व्हायला लागली. काही झालेलं नसलं तरी दादा 'बघून जातो' म्हणायचा आणि चौथ्या मजल्यावर उतरायचा. शेवटी एका जुन्या विम्याचे पैसे हाती आले आणि त्याने बायकोला विचारलं. बायको म्हणाली, "तुम्ही आयुष्यात स्वतःसाठी कधी रुमालसुद्धा घेतला नाहीत. घ्या." आणि खोकी उघडल्यावर म्हणाली, "अहो, हे तर बुटांच्या खोक्याएवढे आहेत! उरलेले कुठे आहेत?"

ती खोकी दादाने स्वतः खांद्यावरून तीन जिने चढवून आणली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टा चालवणाऱ्या माणसाच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. यावर सगळ्यांनी हसून झालं होतं, आता कुणी हसत नसे.

*

घर तसं दोन खोल्यांचं. दादा, बायको, आणि ब्याऐंशी वर्षांची आई. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती आणि दर आठवड्याला फोनवर एकच गोष्ट सांगायची: इथे आमच्याजवळ या, तळमजल्याची जागा आहे, आईचे गुडघे बघा, आजीचं वय बघा. दादा म्हणायचा, "बघू." बायकोला माहीत होतं की तो बघणार नाही. का बघणार नाही, तेही माहीत होतं.

कारण पंचवीस वर्षांपूर्वी दादाचा धाकटा भाऊ या घरातून निघून गेला होता, आणि त्याला हाच पत्ता माहीत होता.

धाकट्याला घरात बारक्या म्हणायचे. दोघांत बारा वर्षांचं अंतर. वडील गेले तेव्हा दादा वीस वर्षांचा होता आणि बारक्या आठ. दादाने शिक्षण सोडलं, लिफ्टच्या कंपनीत लागला, बारक्याला शिकवलं, कपडालत्ता केला. बाप झाला म्हणा ना. आणि बाप म्हटलं की थोडं रागावणं आलं. बारक्याला गाण्याचं वेड. दादाने त्याला आपल्याच कंपनीत चिकटवला तर पठ्ठ्या महिन्यातले दहा दिवस दांडी मारायचा आणि कुणाकुणाच्या घरी गिटार घेऊन बसायचा. दादाने ती गिटार एक दिवस भंगारवाल्याला देऊन टाकली. 'रागावलो असेन दोन-चारदा,' दादा नंतर म्हणायचा. 'कोणता थोरला भाऊ रागावत नाही?'

गिटार गेल्यानंतर दोनेक आठवड्यांनी बारक्या गेला. बायको तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती. दादा कामावरून आला तर कपाटातला खालचा खण रिकामा, आणि आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. बावीस वर्षांचं पोर गेलं कुठे? दादाने तीन महिने रजा टाकली. बसस्टँड, धर्मशाळा, इस्पितळं, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. जेवण तुटलं, झोप तुटली, नोकरी तुटायची वेळ आली. दाढी वाढवून तो कुठल्याशा गावाहून परत आला, त्या दिवशी आईने त्याच्यासमोर एक कॅसेट ठेवली.

"ड्रॉवरमध्ये सापडली. एकटाच बसून भरली असणार, मी बाजारात गेले होते तेव्हा. तुझ्यासाठी ठेवून गेलाय बहुतेक."

घरातल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर दोघांनी ती ऐकली. बारक्या गात होता. स्वतःच रचलेलं काहीतरी. साथीला फक्त टेबलावर बोटांचा ठेका. गाणं मधेच तुटत होतं, मग थोडी खरखर, आणि अगदी शेवटी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणं, आणि खट्.

"शेवटी काय म्हणतोय?" दादाने विचारलं.

आईने कान लावून पुन्हा ऐकलं. "अरे, 'दादा, येतो, बरं का,' म्हणतोय."

दादाने पुन्हा लावलं. खरंच की. दादा, येतो, बरं का. आपल्यात घराबाहेर पडणारं माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतं. म्हणजे राग नव्हता. म्हणजे तो येणार होता. दादा त्या संध्याकाळी तीन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवला.

आणि मग त्या एका शब्दावर त्याने पंचवीस वर्षं काढली. कंपनीने दुसऱ्या शहरात मोठ्या जागेवर पाठवायचं म्हटलं, दादा नको म्हणाला. शेजारी एकेक करून लिफ्टवाल्या इमारतींत गेले, दादा हलला नाही. दाराचं कुलूप बदललं नाही, बारक्याकडे जुनी किल्ली असेल म्हणून. वर्षातून एकदा, बारक्याच्या वाढदिवसाला, कॅसेट लागायची. जुन्या स्पीकरच्या कागदाला भोक पडलेलं होतं, त्यातून बारक्याचा आवाज घशात घास अडकल्यासारखा यायचा. पण शेवटचं वाक्य दादाला पाठ होतं. ते यायच्या आधीच त्याचे ओठ हलायचे.

*

नवे स्पीकर आल्यावर पहिले आठ दिवस घरात सण होता. दादाने भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजलं, स्टँडखाली रबराचे तुकडे घातले, दोन्ही पेट्यांची तोंडं खुर्चीकडे किंचित वळवली. बोटभर इकडे, बोटभर तिकडे. बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा इतकं निरखून बघितलं नव्हतंत."

जुन्या कॅसेटी बाहेर आल्या. डेक त्याने स्वतः खोलून साफ केला होता. दहा-दहा वर्षं ऐकलेल्या गाण्यांमध्ये माणसं लपून बसली होती ती आता बाहेर यायला लागली. एका गाण्यात मागे दुसरं व्हायोलिन होतं, कधी ऐकूच आलं नव्हतं. एकात कुणीतरी कागद उलटत होतं. एकात गाणारा शेवटच्या ओळीआधी आवंढा गिळत होता. दादा लहान पोरासारखा हाका मारायचा, "अगं, ये, ये, हे ऐक!" बायको ओले हात पदराला पुसत यायची, ऐकायची, आणि खरोखर ऐकू आलं की तिचाही चेहरा उघडायचा.

"आई," दादा शनिवारी म्हणाला, "उद्या बारक्याची कॅसेट लावू."

आई पाण्याचा तांब्या घेऊन उठायला लागली.

"वाढदिवसाची वाट कशाला बघायची? समोर बसून गातोय असं वाटेल तुला."

"नको रे. जुनी झालीये ती. तुटायची."

"मी असताना तुटेल? काहीतरीच."

"आहे ते बरं आहे," आई म्हणाली. "सगळं इतकं स्वच्छ ऐकायची काय गरज आहे?"

दादा हसला. म्हाताऱ्या माणसाला नव्या वस्तूची भीती वाटते, दुसरं काय.

रविवारी सकाळी अकराला त्याने आईला खुर्चीत बसवलं, तीच जागा जिथे आवाज बरोबर जमून येतो. बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दादाने कॅसेट आत सारली, बटण दाबलं, आणि जमिनीवर आईच्या पायांशी बसला.

आधी खोली आली. गाण्याच्या आधी दादाला ही खोली ऐकू आली, पंचवीस वर्षांपूर्वीची. पंख्याची पाती एका बाजूला किंचित घासायची, तो पंखा. लांबून खाली कुणीतरी बादली ठेवली. मग बोटं टेबलावर पडली, आणि त्या टेबलाचा एक पाय आखूड होता तो ठेक्यावर जमिनीला टेकत होता. आणि बारक्या गायला लागला.

बायकोच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तो त्या भिंतीपाशी होता. बावीस वर्षांचा, खुर्चीच्या कडेवर बसलेला, जरा पुढे वाकलेला. ओठ उघडताना होणारा ओला आवाज, नाकातून सुटणारा श्वास, सगळं. दादाला वाटलं, हात पुढे केला तर गुडघ्याला लागेल. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायची त्याला लाज वाटली नाही. वरच्या सुरात बारक्याचा आवाज थोडा हलत होता, नेहमीसारखा. पोरगं कच्चं होतं अजून, दादाच्या मनात आलं. दोन वर्षं कुणाकडे शिकता तर कुठल्या कुठे गेला असता.

मग गाण्याच्या खाली दुसरं काहीतरी सुरू झालं.

फार लांब होतं. धप्, धप्, आणि मधे बारीक टिण्. दादाचा कान आपोआप तिकडे वळला, मशीन रूममध्ये वळतो तसा. जिना. कुणीतरी जिना चढत होतं. उजवं पाऊल डाव्यापेक्षा जड, म्हणजे उजव्या खांद्यावर ओझं. आणि ते टिण् म्हणजे लोखंडावर लोखंड, पट्ट्याच्या बकलावर आपटणारा पाना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पावलं थांबली. तो माणूस खाकरला.

आपलं पाऊल आपल्याला कधी ऐकू येत नाही. दादाने ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बारक्याचं गाणं तिथेच तुटलं. शब्दाच्या मधेच. इतकी वर्षं दादाला वाटायचं की तो पुढचं विसरला. टेबलावरची बोटं थांबली, खुर्ची सरकली. आणि मग दुसरा आवाज आला, अगदी जवळून, एका बाईचा.

"का रे?"

आणि बारक्या, घाईत, श्वास कोंडून:

"दादा येतोय. बंद कर."

खट्.

दादाने हात लांब करून कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. धप्, धप्, टिण्. का रे? दादा येतोय. बंद कर. तिसऱ्यांदा लावली. त्याला वाटत होतं की 'बरं का' कुठेतरी असेल, या शब्दांच्या मागे, दुसऱ्या व्हायोलिनसारखं लपून बसलेलं असेल. नव्हतं.

"पुरे," आई म्हणाली.

"तू होतीस."

"होते."

"तू बाजारात गेली होतीस म्हणालीस."

"म्हणाले."

"बटण तू दाबलंस?"

"मीच दाबलं. त्याला गाणं भरून कुणालातरी पाठवायचं होतं. तू यायची वेळ झाली नव्हती, लवकर आलास त्या दिवशी."

दादा उठला आणि पुन्हा बसला. "पण आई, बंद कर म्हणजे काय? मी काय खाल्लं असतं का त्याला? गाणं ऐकलं असतं तर काय केलं असतं मी?"

आईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"गिटार दिलीस त्या दिवशी त्याच्या कानाखाली वाजवली होतीस. आठवतं?"

दादाला आठवत नव्हतं. मग आठवलं. दारात उभा राहून बारक्या काहीतरी उलटून बोलला होता आणि दादाचा हात, दिवसभर दोर ओढून आलेला.

"त्या कानाने त्याला पुढे ऐकू येईना," आई म्हणाली. "मी डॉक्टरकडे नेलं, तुला न सांगता. डॉक्टर म्हणाला, पडदा फाटलाय. आता गाण्यात सूर हलतो ना त्याचा, तो आधी नव्हता हलत."

बायको पलंगावरून उठली, कपड्यांच्या घड्या हातात घेतल्या, कपाटापर्यंत गेली आणि त्या न ठेवताच परत आली.

"मग येतो म्हणाला, असं का सांगितलंस?" दादाचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "पंचवीस वर्षं, आई."

"तू जेवत नव्हतास," आई म्हणाली.

एवढंच. थोड्या वेळाने तिने पुढचंही सांगितलं. एकदा दोरा सुटला की शिवण उसवतच जाते. बारक्या गेला तो तिला सांगून गेला होता, तिच्या पाया पडून. परत येणार नाही म्हणाला होता. मग वर्षातून एकदा समोरच्या बिऱ्हाडात फोन यायचा, दादा कामावर असताना. बरा आहे, जेवतोय, एवढंच सांगायचा. कुठून करतोय ते सांगायचा नाही. 'दादा तुला विचारेल, आणि तुला खोटं बोलता येत नाही,' म्हणायचा. सहा वर्षं फोन आला. मग थांबला.

"म्हणजे?"

"म्हणजे थांबला. मला त्यापुढचं काही माहीत नाही. आहे की नाही, तेही नाही." आईने डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला. "नाही म्हणे खोटं बोलता येत. बोलले की."

*

दादाने शोध घेतला. समोरचं बिऱ्हाड कधीच सोडून गेलं होतं. त्यांचा पत्ता मिळवून तो गेला, तर ज्या बाई फोन घ्यायच्या त्या वारल्या होत्या. त्यांच्या सुनेने चहा दिला आणि आपल्याला काही माहीत नाही म्हणाली. टेलिफोनच्या कचेरीतला माणूस म्हणाला, "एकोणीस वर्षांपूर्वीचा फोन? काका, मागच्या वर्षीचं सापडत नाही इथे." मुलीने कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं. त्या नावाची माणसं पुष्कळ निघाली, त्यातलं कुणीही बारक्या नव्हतं. एकाने उलट विचारलं, 'तुम्ही त्यांचे कोण?' मुलीने ते दादाला वाचून दाखवलं. भाऊ, असं लिही म्हणायला दादाला थोडा वेळ लागला.

महिन्याभराने बायकोने विषय काढला. तिने आधी कधी काढला नव्हता.

"आता मुलीकडे जाऊया ना?" ती म्हणाली. "आता इथे काय आहे?"

तिच्या गुडघ्यांकडे बघून त्याला वाटलं, ही बाई माझ्या एका चुकीच्या ऐकण्यापायी पंचवीस वर्षं तीन जिने चढली. तो म्हणाला, "जाऊ." आणि आईला सांगायला आत गेला.

"तुम्ही जा," आई म्हणाली. "मी इथेच राहते."

"इथे एकटी? कशासाठी? तो येणार नाही हे तूच सांगितलंस."

"मला माहीत आहे रे." आईने दाराकडे बघितलं. "पण तुला सांगता सांगता मलाच सवय लागली. जिन्यावर कुणी आलं की उठून बसते. आता या वयात ती सवय कुठे टाकू?"

आईला एकटं ठेवून जाणं शक्यच नव्हतं. जागेची बोलणी तिथेच राहिली. बायको भांडली नाही, तिने फोनवर मुलीला सांगितलं, "बघू." अगदी दादाच्या आवाजात.

दादाने एकदा कानसेनला फोन करून विचारलं की स्पीकर परत घेणार का. कानसेनला वाटलं काही बिघाड आहे, तो स्वतः यायला निघाला. "नाही, नाही," दादा म्हणाला, "आवाज उत्तम आहे. घरात जागा कमी पडतेय." पण ते आईच्या कानावर गेलं आणि तिने जेवायला नकार दिला. ब्याऐंशीव्या वर्षी, लहान मुलीसारखं ताट सरकवून.

"इतकी वर्षं त्याचा आवाज घशात अडकल्यासारखा यायचा," ती म्हणाली. "आता समोर येऊन बसतो. तेवढं तरी राहू दे मला."

म्हणून स्पीकर राहिले. आईला रोज पाच वाजता बारक्याचं गाणं ऐकायचं असे. पहिले काही दिवस दादाने रजा घेऊन लावून दिलं. पावलं सुरू होण्याआधी तो बंद करायला उठायचा, तर आई हात वर करायची. तिला पूर्ण हवं असे, कारण शेवटच्या चार शब्दांत तो बोलतो, आणि त्याचं बोलणं दुसरीकडे कुठेच उरलेलं नव्हतं. ते शब्द काय आहेत याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. दादा हात बांधून उभा राहायचा आणि स्वतःला जिना चढून येताना ऐकायचा.

"मला शिकवा," बायको एक दिवस म्हणाली. "मी लावत जाईन. तुम्ही कामावर जा."

त्याने तिला बटणं दाखवली. तिने एका कागदावर ती क्रमाने लिहून कागद डेकवर चिकटवला.

कामावर दादा जातो, काम करतो. पण मशीन रूमच्या दारात आता डोळे मिटत नाही. कुणी विचारलंच, "दादा, काय वाटतं?" तर म्हणतो, "मीटर लावून बघ." संध्याकाळी घरी येताना चपला पहिल्या पायरीशी काढून हातात घेतो. हत्यारांची पिशवी छातीशी धरतो, पाना वाजू नये म्हणून. बायको दोनदा दचकली आणि म्हणाली, "अहो, असे मांजरासारखे येऊ नका. पावलं वाजवत या." तो हो म्हणतो.

कधीकधी काम लवकर आटपतं आणि तो सव्वापाचच्या आत पोचतो. वर गाणं चालू असतं. मग तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसतो. तिथून ठेका ऐकू येत नाही, शब्दही कळत नाहीत, फक्त बारक्याचा आवाज येतो. परवा दुसऱ्या मजल्यावरची बाई भाजीची पिशवी घेऊन वर आली. चपला हातात घेऊन भिंतीला टेकलेल्या दादाला बघून ती थांबली.

"काय हो दादा? गुडघे का?"

"हो," दादा म्हणाला. "गुडघे."

तिला वाट द्यायला तो जरा भिंतीकडे सरकला.